बावीस इलेक्ट्रोड आणि गाणं

बँडपास फिल्टरची गणितं आपण परीक्षेपुरती पाठ करतो. कॉक्लिअर इम्प्लांट लावलेल्या माणसाच्या कानामागे मात्र ती दिवसभर चालू असतात.

आपल्या एका कानात आवाज मेंदूकडे पोचवणाऱ्या आतल्या केशपेशी साधारण साडेतीन हजार. इम्प्लांटमध्ये इलेक्ट्रोड १२ ते २२. प्रोसेसर आवाजाचे पट्टे पाडतो आणि प्रत्येक पट्ट्याचा मुख्यतः एन्व्हलप, म्हणजे चढउतार, पुढे पाठवतो. बोलण्याला एवढं पुरतं. १९९५ साली शॅनन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात, चांगलं ऐकू येणाऱ्यांना तीन-चार पट्ट्यांतही वाक्यं समजली होती! पण षड्ज आणि कोमल ऋषभ यांच्यात फरक जेमतेम ६ टक्के. दोघे बहुधा एकाच इलेक्ट्रोडवर जाऊन बसतात. माझी मावसबहीण फोनवर छान बोलते, पण गाणं लावलं की म्हणते, "भांडी पडल्यासारखं वाटतं रे." ताल मात्र तिला जवळजवळ आपल्याइतकाच कळतो.

म्हणून सुरुवात ठेक्यापासून करावी. मोठा वाद्यवृंद नको. एक गळा, एक तबला. गाणं ओळखीचं, शब्द समोर लिहिलेले, खोली शांत (होस्टेलवाल्यांनो, हे अवघडच!). रोज थोडा वेळ, तेच गाणं पुन्हा पुन्हा. दुसऱ्या कानाला खालचे स्वर थोडे ऐकू येत असतील तर तिथे हिअरिंग एड लावावं, चाल ओळखायला त्याचा खूप उपयोग होतो. ऑडिओलॉजिस्टकडून संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅमही मागून घ्यावा, कारण गोंगाट कमी करणारं सेटिंग एकसारख्या आवाजाला दाबतं, आणि त्याच्या लेखी तानपुरा म्हणजे पंखाच!