बेंझीनचे कोडे

इ. स. १८२५ मध्ये लंडन येथे मायकेल फॅरेडे यांनी एक नवा पदार्थ वेगळा केला. दिवाबत्तीसाठी दाबून भरलेल्या वायूच्या टाक्यांत तळाशी जो तेलकट द्रव साचत असे, त्यातून तो मिळाला. रंगहीन आणि चटकन पेट घेणारा हा द्रव म्हणजेच बेंझीन. त्याच्या प्रत्येक रेणूत सहा कार्बन व सहा हायड्रोजन अणू असतात, हे पुढे निश्चित झाले आणि तेथूनच रसायनशास्त्रज्ञांची पंचाईत सुरू झाली.

कार्बनचा अणू चार बंध जोडतो. सहा कार्बन अणूंच्या वाट्याला हायड्रोजनचे सहाच अणू येत असतील, तर काही कार्बन अणू परस्परांशी दुहेरी बंधांनी जोडलेले असले पाहिजेत. एथिलीनसारखी दुहेरी बंध असलेली संयुगे ब्रोमीनचा तांबूस रंग पाहता पाहता घालवतात. कारण ब्रोमीनचे अणू त्या बंधांच्या जागी येऊन जोडले जातात. बेंझीन मात्र ब्रोमीनला सहजी दाद देत नाही. लोहाच्या संयुगासारखा उत्प्रेरक मिळाला, तर ते एक हायड्रोजन सोडून त्या जागी ब्रोमीन घेते. आपली मूळ घडण मात्र मोडू देत नाही.

१८६५ मध्ये आउगुस्ट केकुले या जर्मन शास्त्रज्ञांनी सहा कार्बन अणूंचे वलय सुचवले. त्यात एकाआड एक दुहेरी बंध असावेत, असे त्यांचे मत होते. डुलकी लागली असता आपलेच शेपूट तोंडात धरलेला साप दिसला आणि त्यावरून वलय सुचले, अशी हकिकत त्यांनी १८९० मध्ये बर्लिनच्या एका समारंभात सांगितली. ती विलक्षण लोकप्रिय झाली. परंतु सापाने कोडे अर्धेच सोडवले होते. वलयात तीन दुहेरी बंध असतील, तर ते ब्रोमीनला सापडत का नाहीत?

या प्रश्नाचा निकाल स्वप्नाने नव्हे, मोजमापाने लागला. आणि ते करणाऱ्या विदुषीचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या कॅथलीन लॉन्स्डेल या दहा भावंडांत सर्वांत धाकट्या. १९२९ मध्ये त्यांनी बेंझीनचे वलय असलेल्या एका स्फटिकाचा क्ष-किरणांनी अभ्यास केला. वलय सपाट असून त्याच्या सहाही बाजू समान आहेत, असे त्यांना आढळले. एकेरी बंध सुमारे १५४ पिकोमीटर लांब असतो, दुहेरी १३४. बेंझीनमधील प्रत्येक बंध सुमारे १३९ भरतो. (पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग.) म्हणजे तेथे निखळ एकेरी बंध नाहीत आणि निखळ दुहेरीही नाहीत! १९४५ मध्ये रॉयल सोसायटीने प्रथमच दोन स्त्रियांना सदस्यत्व दिले. त्यांपैकी एक लॉन्स्डेल होत्या.

वाड्यातील विहीर कोणा एका बिऱ्हाडाची नसते. तसेच, ज्या सहा इलेक्ट्रॉनांचे तीन दुहेरी बंध व्हावयाचे, ते साऱ्या वलयाचे सामाईक असतात. या सामाईकपणामुळे रेणूची ऊर्जा घटते. एक दुहेरी बंध असलेल्या सहा कार्बनी वलयात हायड्रोजन मिसळला, की प्रतिमोल सुमारे १२० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. तीन बंधांची ३६० व्हावयास हवी. बेंझीनमधून जेमतेम २०८ मिळते. सुमारे १५० किलोज्यूलचा हा फरक म्हणजेच बेंझीनचे अधिकचे स्थैर्य. अशा संयुगांना अरोमॅटिक संयुगे म्हणतात.

तथापि, प्रत्येक वलयाला हे साधत नाही. एरिक ह्युकेल यांनी १९३१ पासून मांडलेल्या गणितानुसार सामाईक इलेक्ट्रॉन दोन, सहा, दहा, चौदा असे असावे लागतात. आठ कार्बन अणूंच्या वलयात एकाआड एक चार दुहेरी बंध, म्हणजे आठ इलेक्ट्रॉन येतात. ते वलय सपाट न राहता टबासारखे वाकते आणि ब्रोमीनशी झटकन संयोग पावते.