शेवटचं सत्र आधी पाहा

न्यू जर्सीच्या बर्गन काउंटीत पॅलिसेड्स पार्क हे छोटं गाव आहे. इथली निम्म्याहून अधिक वस्ती कोरियन वंशाची. ब्रॉड अव्हेन्यूवरून चालत गेलं की बँक, दवाखाना, चर्च, शिकवणी, सगळ्यांच्या पाट्या कोरियन लिपीत दिसतात. या भागात मी संध्याकाळी प्रौढांना इंग्रजी शिकवते. दिवसभर ड्रायक्लीनिंगच्या दुकानात, नेल सलूनमध्ये, किराणा मालाच्या काउंटरवर उभी राहिलेली माणसं जेवणाआधी येऊन वही उघडून बसतात. त्यातले बरेच जण मायदेशी चांगले शिकलेले आहेत. चाळिशी-पन्नाशीत त्यांना पुन्हा कॉलेजात जावंसं वाटतं आणि ते मला विचारतात, काही विषय कोरियनमधून आणि काही इंग्रजीतून शिकवणाऱ्या पदवीला नाव घालू का? याचं उत्तर मी एका वाक्यात देत नाही. वर्गातल्या एका बाईंचे कष्ट आणि पैसा कसा अडकला, ते मी जवळून पाहिलं आहे.

या बाईंचं ड्रायक्लीनिंगचं दुकान. मुलं हाताशी आल्यावर त्यांनी नर्स व्हायचं ठरवलं. कोरियन वर्तमानपत्रात एका खासगी कॉलेजची जाहिरात होती: इंग्रजी कच्चं असलं तरी चालेल, शिकता शिकता येईल. विषय आरोग्यसेवेच्या व्यवस्थापनाचा. प्रवेशाच्या टेबलावर बसलेल्या माणसानं कोरियनमध्ये गोड बोलून सांगितलं, की इथली पहिली दोन वर्षं करा, मग नर्सिंगला सहज जाता येईल. केंद्र सरकारची पेल ग्रँट मिळाली, उरलेल्या फीसाठी कर्ज काढलं. बाईंनी दोन वर्षं दुकान सांभाळून अभ्यास केला. गुण उत्तम पडले. नंतर सरकारी कॉलेजच्या नर्सिंग विभागाकडे गुणपत्रक पाठवलं, तेव्हा जवळजवळ सगळी क्रेडिट्स नाकारली गेली. शरीरशास्त्राच्या विषयाला प्रयोगशाळा नव्हती. इंग्रजीचा विषय सरकारी कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या निबंधलेखनाच्या तोडीचा धरला गेला नाही. भाषेची चाचणी घेतल्यावर बाईंची रवानगी अगदी खालच्या पायरीवरच्या इंग्रजी वर्गात झाली.

त्या खासगी कॉलेजची इंग्रजीची पुस्तकं त्यांनी मला दाखवायला आणली होती. मी पानन् पान चाळलं. व्याकरणाचं स्पष्टीकरण कोरियनमध्ये, उदाहरणांची वाक्यं इंग्रजीत, परीक्षेत चारांतला एक पर्याय निवडायचा. विद्यार्थ्यानं इंग्रजीत एक पानभर स्वतःचं काही लिहावं, असं दोन वर्षांत कुठंही मागितलेलं नव्हतं. वर्गात तोंडी बोलण्याची पाळीही कधी आली नव्हती. बाई मन लावून शिकल्या होत्या आणि जे शिकवलं ते त्यांना नीट येत होतं. इंग्रजी त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

म्हणून मातृभाषेतून सुरुवात करणंच वाईट, असं मी म्हणणार नाही. मी सातारा जिल्ह्यातल्या मराठी शाळेत शिकले. अकरावीला विज्ञान इंग्रजीतून सुरू झालं, तेव्हा दहावीपर्यंत हातखंडा असलेलं गणितही काही महिने परकं वाटत होतं. त्या वेळी कुणी दोन्ही भाषांत समजावलं असतं, तर वर्गातली कितीतरी हुशार मुलं आर्ट्‌सकडे वळली नसती. कोरियन माणसाचं अंतर तर आणखी मोठं. त्यांच्या वाक्यात क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं, नामाला प्रत्यय लागतात, इंग्रजीतली उपपदं त्यांच्याकडे नाहीत. अमेरिकी परराष्ट्र खात्याची भाषासंस्था इंग्रजी बोलणाऱ्या अधिकाऱ्याला हिंदी शिकवायला साधारण ४४ आठवडे धरते आणि कोरियनसाठी ८८ आठवडे, म्हणजे वर्गातले सुमारे २,२०० तास. उलट दिशेनं येणाऱ्याचा नेमका हिशेब यातून निघत नाही, पण अंतराची कल्पना येते. आठवड्याला चार तासांच्या वर्गात २,२०० तास भरायला दहा वर्षं उलटून जातील. तोवर हिशेबशास्त्र, मानसशास्त्र, बालसंगोपन असे विषय थांबवून ठेवायचे का? म्हणून द्विभाषिक पदवीची कल्पना मला मनापासून पटते. फक्त तिच्यात भाषेची शिडी असायला हवी. पहिल्या सत्रात कोरियन जास्त असू दे, पण प्रत्येक सत्राला इंग्रजीचा वाटा वाढला पाहिजे आणि शेवटच्या सत्रात वाचन, लेखन, परीक्षा इंग्रजीतच झाली पाहिजे.

त्यामुळे माझ्याकडे विचारायला येणाऱ्यांना मी सांगते, माहितीपत्रकातलं पहिलं सत्र बाजूला ठेवा आणि शेवटच्या सत्राचा अभ्यासक्रम मागा. त्यातला कुठला विषय कुठल्या भाषेत शिकवला जातो, शेवटची परीक्षा कुठल्या भाषेत होते, इंग्रजीत किती पानांचं लेखन द्यावं लागतं, हे विचारा. शेवटच्या वर्षाच्या वर्गात तासभर मागं बसायची परवानगी मागा. चांगली संस्था ती आनंदानं देते. परवानगी नाकारली, तर तिथं पैसे भरू नका.

त्याच्याही आधी एक प्रश्न स्वतःला विचारायचा: मला जे काम करायचंय, त्याच्या परवान्याची परीक्षा कुठल्या भाषेत आहे? न्यू जर्सीत गाडी चालवण्याच्या परवान्याची लेखी परीक्षा कोरियनमध्ये देता येते. कॅलिफोर्नियात ब्यूटी पार्लरच्या व्यवसायाची परीक्षा कोरियनमध्ये होते. अ‍ॅक्युपंक्चरची परवाना परीक्षाही तिथं इंग्रजी, चिनी आणि कोरियन या तीन भाषांत होते. लॉस एंजेलिसमध्ये राहून अ‍ॅक्युपंक्चरचाच व्यवसाय करायचा, असं पक्कं ठरवलेल्या माणसासाठी कोरियनमधून घेतलेलं शिक्षण शहाणपणाचं ठरू शकतं. मात्र तोच माणूस दुसऱ्या राज्यात गेला की तिथले नियम वेगळे. कोरियन चर्चमध्ये धर्मोपदेशक व्हायचं असेल, तरी धर्मशास्त्र कोरियनमधून शिकणं योग्यच, आणि अमेरिकेत कोरियनमधून मिळणाऱ्या पदव्यांत धर्मशास्त्राच्या बऱ्याच आहेत. नर्सची परवाना परीक्षा अमेरिकेत इंग्रजीतच द्यावी लागते. त्या बाईंना पहिल्या दिवशी एवढं जरी कुणी सांगितलं असतं, तरी त्यांनी दुसरी वाट धरली असती.

आता मान्यतेचं, म्हणजे इथं ज्याला अ‍ॅक्रेडिटेशन म्हणतात, त्याचं. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाची यादी पाहिली की बरंचसं काम होतं. अमेरिकेत केंद्र सरकार कॉलेजांना थेट मान्यता देत नाही. ते मान्यता देणाऱ्या संस्थांना मान्यता देतं आणि त्या संस्था कॉलेजं तपासतात. या संस्थांत पूर्वी विभागीय आणि राष्ट्रीय असे दोन प्रकार धरले जात. जुनी विद्यापीठं आणि सरकारी कॉलेजं विभागीय संस्थांकडे असत, व्यवसायशिक्षण आणि धर्मशिक्षण देणारी कॉलेजं बहुतेक राष्ट्रीय संस्थांकडे. ‘राष्ट्रीय’ हे नाव ऐकायला मोठं वाटतं, पण क्रेडिट्सच्या बाजारात विभागीय मान्यतेलाच अधिक वजन. जुलै २०२० पासून शिक्षण खात्यानं हा भेद आपल्या नियमांतून काढला. तरीही कुणाची क्रेडिट्स घ्यायची, हे घेणारं कॉलेजच ठरवतं आणि बरीच कॉलेजं अजून जुन्या नजरेनंच पाहतात. त्या बाईंचं कॉलेज मान्यताप्राप्त होतं. सरकारी मदत मिळत होती, कागदोपत्री काही खोटं नव्हतं. तरी पुढचं दार बंद राहिलं.

मान्यता देणारी संस्थाही कोसळू शकते. एसीआयसीएस या मोठ्या संस्थेची सरकारी मान्यता २०१६ साली गेली, २०१८ मध्ये परत मिळाली आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये कायमची संपली. तिच्या भरवशावर चालणाऱ्या कॉलेजांना नवी संस्था शोधण्यासाठी धावपळ करावी लागली. म्हणून कॉलेजचं नाव शिक्षण खात्याच्या यादीत आहे एवढं पाहून थांबू नये. मान्यता कुणाची आणि कधीपर्यंतची, तेही तिथंच दिसतं.

पैशाबद्दलही एक गोष्ट माझ्या विद्यार्थ्यांना कुणी सांगत नाही. पेल ग्रँट परत फेडावी लागत नाही, म्हणून ती फुकट आहे असं वाटतं. पण आयुष्यभरात ती पूर्णवेळच्या १२ सत्रांपुरतीच मिळते. बाईंची चार सत्रं अशी खर्ची पडली की त्यांच्या हाती काही उरलं नाही. कॉलेजनं खोटं सांगून फसवलं, तर केंद्राचं कर्ज माफ करण्यासाठी अर्ज करता येतो, पण सगळी आश्वासनं तोंडी असली तर सिद्ध काय करणार? प्रवेशाच्या टेबलावर जे सांगतात, ते त्याच दिवशी ईमेलवर लिहून मागावं.

नियम मध्येच बदलले तर काय होतं, याचं उदाहरण न्यूयॉर्कमध्ये आहे. ब्रॉन्क्समधलं होस्टोस कम्युनिटी कॉलेज १९६८ साली पोर्तो रिकन समाजाच्या मागणीतून उभं राहिलं. स्पॅनिशमधून विषय शिकत इंग्रजीकडे जाण्याची पद्धत तिथं रुजली. मे १९९७ मध्ये पदवीदान तोंडावर आलं असताना शहर विद्यापीठाच्या विश्वस्तांनी ठरवलं, की विद्यापीठाची इंग्रजी लेखनपरीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय पदवी नाही. अनेकांच्या पदव्या अडल्या, प्रकरण कोर्टात गेलं. पदवीसाठी इंग्रजीची अट असावी, हे मला मान्य आहे. ती पहिल्या दिवशी कळायला हवी आणि तिची तयारी पहिल्या सत्रापासून करून घ्यायला हवी. तुम्ही प्रवेश घ्याल त्या वर्षीचं नियमपुस्तक जपून ठेवा.

परदेशातून विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांनी तर डोळे अधिक उघडे ठेवावेत. २०१५ साली लॉस एंजेलिसच्या कोरियाटाउनमधल्या शाळांच्या एका साखळीवर छापा पडला. सुमारे दीड हजार परदेशी विद्यार्थी कागदावर होते, त्यात कोरियन आणि चिनी पुष्कळ. कितीतरी जण लॉस एंजेलिसमध्ये राहतही नव्हते. फी भरायची आणि व्हिसा टिकवायचा, एवढाच तो व्यवहार. आपल्याकडच्या वाचकांना २०११ चं ट्राय-व्हॅली विद्यापीठाच्या व्हिसा घोटाळ्याचं प्रकरण आठवत असेल. त्यात बहुतेक तेलुगू भाषक मुलं अडकली आणि काहींच्या पायात पाळत ठेवणारे पट्टे बांधले गेले. वर्गात बसायची गरज नाही असं जिथं सांगतात, तिथून उठून यावं. भाषावर्गासाठी विद्यार्थी व्हिसा असेल, तर आठवड्याला १८ तासांची प्रत्यक्ष हजेरी लागते. हा नियम आहे, त्यात सूट देण्याचा अधिकार कुठल्याही एजंटाला नाही.

चांगल्या वाटा आहेत आणि त्या महागही नाहीत. वॉशिंग्टन राज्याच्या कम्युनिटी कॉलेजांत आय-बेस्ट नावाची पद्धत चालते. एकाच वर्गात व्यवसायाचा शिक्षक आणि भाषेचा शिक्षक असे दोघं मिळून शिकवतात, त्यामुळे नर्सिंग असिस्टंटचं काम आणि त्या कामाचं इंग्रजी एकदमच येतं. न्यूयॉर्कच्या शहर विद्यापीठात १९९५ पासून क्लिप हा इंग्रजीचा सखोल वर्ग आहे. तो क्रेडिटबाहेर असल्यानं ग्रँट खर्ची पडत नाही. आमच्या बाजूला बर्गन कम्युनिटी कॉलेजात अमेरिकन लँग्वेज प्रोग्रॅम आहे. यातून जाणाऱ्याला वेळ लागतो, पण मिळालेली क्रेडिट्स पुढं बाद होण्याची भीती फार कमी.

त्या बाई आता सरकारी कॉलेजच्या भाषावर्गात आहेत आणि मला दर आठवड्याला एक निबंध तपासायला देतात. निबंध चांगले असतात. कर्जाचे हप्तेही चालू आहेत.

न्यू जर्सीत माझ्या ओळखीच्या मराठी घरांतही नवऱ्याच्या नोकरीमुळे आलेल्या, एच-फोर व्हिसावर शिकू पाहणाऱ्या मुली आहेत. त्यांना पेल ग्रँट मिळत नाही, सगळा खर्च घरचा, म्हणून त्यांना माझं सांगणं अधिकच आग्रहाचं आहे. तुम्हाला शेवटी ज्या कॉलेजात किंवा ज्या नोकरीत पोहोचायचं आहे, तिथल्या माणसाला आधी गाठा. ज्या कॉलेजात प्रवेश घ्यायचा विचार आहे त्याचं नाव सांगून तिथली क्रेडिट्स घ्याल का, असं विचारा आणि उत्तर लेखी घ्या. उत्तर येईपर्यंत कुठल्याही अर्जावर सही करू नका.