समुपदेशन आणि दुसरा बाण



तथागत भगवान बुद्धांनी दुःखाचा विचार वैद्याच्या रीतीने केला. रोग आहे, त्याला कारण आहे, तो बरा होऊ शकतो आणि बरे होण्याचा मार्ग आहे, अशी ही मांडणी. मदतीसाठी आलेल्या माणसाबरोबर काम करताना समुपदेशकही याच क्रमाने जातो. त्याची पद्धत आपण समजून घेतली पाहिजे, कारण आपल्या वस्त्यांतून मनाचा त्रास आजही एक तर 'बाहेरचे' ठरतो, नाही तर वेडेपणा. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. तेव्हापासून "ह्याला ठाण्याला पाठवा" ही थट्टा लोकांच्या तोंडी बसली आणि थट्टेच्या भीतीने अनेकांनी मुकाट सोसले. याच ठाण्यात २३ मार्च १९९० रोजी डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे आय.पी.एच. ही संस्था सुरू केली. मनाचे आरोग्य हा चारचौघांत बोलण्याचा विषय होऊ लागला, त्यात या संस्थेचा मोठा वाटा आहे.

दोन बाण

संयुत्त निकायातील सल्ल सुत्तात एक दृष्टान्त आहे. माणसाला एक बाण लागतो, वेदना होते. मग तो शोक करतो, ऊर बडवतो. हा त्याला लागलेला दुसरा बाण होय. पहिला बाण शरीराचा, दुसरा मनाचा. शहाण्या माणसालाही पहिला बाण लागतो, पण दुसरा तो लागू देत नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तिचे सूत्र याच्या फार जवळचे आहे. एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार करणारे कि. मो. फडके यांनी ती महाराष्ट्रात रुजवली. प्रसंग, त्याविषयीचा आपला विचार आणि त्यातून होणारा परिणाम अशा तीन कड्या तिच्यात आहेत.

उदाहरण घेऊ. बारावीला दोन विद्यार्थ्यांना सारखेच कमी गुण पडले. एक म्हणतो, "मला मिळायलाच हवे होते. मी आईबापांचे नाव घालवले, आता जगण्यात अर्थ नाही." दुसरा म्हणतो, "वाईट झाले, पण पुन्हा परीक्षेला बसता येईल." प्रसंग एकच, परिणाम निराळे. समुपदेशक पहिल्याच्या वाक्यातील तो 'च' शोधतो आणि विचारतो, "असे व्हायलाच हवे, हा नियम कोणी केला? गुण कमी पडले म्हणजे तू माणूस म्हणून कमी ठरतोस का?" दुःख राहते, परंतु ते माणसाला मोडणारे राहत नाही.

समुपदेशकाची पथ्ये

१) आधी ऐकणे. मूल गेलेली किसा गोतमी आली तेव्हा बुद्धांनी तिला प्रवचन दिले नाही. जिथे कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणावयास सांगितले. उत्तर तिचे तिलाच सापडले. तयार सल्ला देणे म्हणजे समुपदेशन नव्हे.

२) गुप्तता. वस्तीत बोभाटा होईल या भीतीनेच बायाबापड्या बोलत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याने तर गुप्तता हा रुग्णाचा हक्कच मानला आहे.

३) निवाडा न करणे. दारू पिणाऱ्याला दारू वाईट हे ठाऊकच असते. १९८६ साली पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे समुपदेशक झाली, ती याच कारणाने उपयोगी ठरली.

४) आपली मर्यादा ओळखणे. झोप, भूक उडाली, भास होऊ लागले किंवा जीव देण्याची भाषा आली, तर विलंब न लावता मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले पाहिजे.

पहिला बाण विसरू नये

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. वसतिगृहात एखाद्या विद्यार्थ्याला जातीवरून हिणवले जाते. त्याचा अभ्यास सुटतो. त्याला समुपदेशक जर म्हणाला, "तू मनाला लावून घेऊ नकोस, दृष्टिकोन बदल," तर ते समुपदेशन नसून अन्यायाला साथ देणे होय. रोहित वेमुला (२०१६) आणि डॉ. पायल तडवी (२०१९) यांच्या मृत्यूंनंतर शिक्षणसंस्थांतील जातीय छळाचा प्रश्न देशासमोर ठळकपणे आला, तो याच जागी. तिथे बाण खरा असतो आणि तो मारणारा हातही खरा असतो.

अशा वेळी समुपदेशकाला दोन कामे करावी लागतात. "त्यांनी अपमान केला म्हणजे मीच हीन," हा दुसरा बाण काढणे, हे एक. आणि "अपमान झाला हे खरे आहे, तुझा राग योग्य आहे," असे स्पष्ट सांगून तक्रारीचा, संघटनेचा व १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा रस्ता दाखवणे, हे दुसरे. विवेकनिष्ठ पद्धतही योग्य राग आणि स्वतःला जाळणारा संताप यांत फरक करते. पूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात माणसाचे माणसाशी असलेले नाते हाच धम्माचा केंद्रबिंदू मानला. म्हणून दुःखाचे कारण केवळ दुःखिताच्या मनात शोधणे आपल्याला मान्य होण्यासारखे नाही. उलट, मन खचलेला माणूस संघर्षही करू शकत नाही, हेही तितकेच खरे.

आपण काय करू शकतो?

माजिवडा परिसरातील विहारांतून पौर्णिमेच्या वंदनेनंतर एक तास केवळ ऐकण्यासाठी राखून ठेवता येईल. प्रशिक्षण घेतलेले दोन सभासद, त्यांपैकी एक महिला, आणि एक स्वतंत्र खोली एवढे पुरे. फलकावर टेली-मानस या सरकारी मोफत सेवेचा १४४१६ हा क्रमांक लिहावा. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. विद्यार्थ्यांपैकी काहींनी मानसशास्त्र घेऊन या क्षेत्रात यावे. आपल्या माणसाचे दोन्ही बाण ओळखणारा समुपदेशक समाजाला हवा आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!