मैदानातील निकाह आणि आपला माईकचा धंदा

लग्नसराई सुरू झाली की मंडप, लाईट आणि माईकचा धंदा करणाऱ्या आपल्या बांधवांना उसंत मिळत नाही. शहरातील हॉलची भाडी परवडेनाशी झाल्याने आणि गावाकडे मोकळी जागा सहज मिळत असल्याने आजही पुष्कळ निकाह शाळेच्या मैदानात, शेतात किंवा घरापुढच्या पटांगणात होतात. अशा उघड्यावरच्या समारंभात आवाजाची व्यवस्था कशी लावावी, याचा विचार या लेखात करू.

सुरुवातीला आमच्याच एका चुकीची कबुली देतो. धंद्याच्या पहिल्या वर्षांत एका निकाहाला आम्ही मंचाशेजारी उंच बांबूवर दोन मोठे भोंगे बांधले. आवाज पार नाक्यापर्यंत गेला. आम्ही खूश होतो. निकाह झाला, दुआ झाली, खारका वाटल्या गेल्या. तेवढ्यात कनातीपलीकडून एक वृद्ध बाई आल्या आणि आम्हाला विचारू लागल्या, "बेटा, निकाह झाला का?" त्या नवरीच्या आजी होत्या. नाक्यावरच्या पानवाल्याने 'कबूल' ऐकले होते. नवरीच्या आजीला मात्र नुसता घुमारा ऐकू आला. आम्ही पैसे घेतले, पण कोणत्या कामाचे घेतले, हा प्रश्न त्या दिवशी पडला.

निकाहाच्या मजलिसीत ऐकू यायला हवे ते थोडेच असते: खुतबा, मेहरची रक्कम, ईजाब-कबूल आणि दुआ. सारे मिळून अर्धा तास. एवढे शब्द प्रत्येक बसलेल्या माणसाच्या कानी स्वच्छ पोहोचवणे, हेच आपले काम. बाकी सारे त्यानंतर.

आवाजाचा हिशेब

उघड्या जागेत भिंती नसतात, त्यामुळे आवाज परतून येत नाही. अंतराबरोबर तो विरत जातो. अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. मशीनची ताकद दुप्पट केली तर मात्र केवळ ३ डेसिबल वाढतात. हे दोन आकडे ज्याला पाठ झाले, त्याला अर्धा धंदा कळला.

उदाहरण घेऊ. मंचापासून शेवटची रांग ३२ मीटरवर आहे आणि तेथे ७२ डेसिबल हवेत. खुतब्याच्या वेळी लोक शांत बसले तर एवढा आवाज पुरतो. सगळे काम मंचाजवळच्या एकाच जोडीवर टाकले, तर १६ मीटरवर ७८, ८ मीटरवर ८४, ४ मीटरवर ९० आणि २ मीटरवर ९६ डेसिबल होतील. म्हणजे पुढच्या रांगेतील बुजुर्ग मंडळी कानात बोटे घालणार.

आता त्याऐवजी लहान कॉलमच्या चार जोड्या ८-८ मीटरवर लावू. प्रत्येक जोडीने पुढचे ८ मीटर सांभाळायचे. तेव्हा २ मीटरवर ८४ डेसिबल पुरे होतात, आणि कोणत्याही रांगेत ७२ च्या खाली आवाज जात नाही. चारही जोड्यांना मिळून लागणारी ताकद पहिल्या पद्धतीच्या सुमारे एक चतुर्थांश! वायर आणि स्टँड जास्त लागतील, मेहनत वाढेल. पण मशीन लहान चालेल आणि पुढचा-मागचा प्रत्येक माणूस सारखेच ऐकेल.

आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे दर मीटरला ३ मिलिसेकंद. मंचाचा आवाज आणि जवळच्या स्पीकरचा आवाज यांत ५० मिलिसेकंदांहून अधिक अंतर पडले आणि दोन्ही सारख्याच जोराचे असले, तर शब्द दोनदा ऐकू येतो. म्हणून मागचे स्पीकर मंचापासून १६-१७ मीटरहून दूर असतील तर मंचाजवळचा आवाज बेताचा ठेवावा. आजच्या डिजिटल मिक्सरमध्ये मागच्या स्पीकरचा आवाज थोडा उशिरा सोडण्याची सोय असते. ती असल्यास दर मीटरला ३ मिलिसेकंद हा हिशेब धरावा.

स्पीकर कसे लावावेत

भोंगा दूरवर ओरडतो. माणसाचा आवाज त्यातून नाकातून आल्यासारखा येतो. बसलेल्या मजलिसीसाठी कॉलम बरा. मात्र कॉलम उभाच लावावा. उभा कॉलम आवाज आडवा पसरवतो आणि वर-खाली कमी सांडतो. कित्येक जण तो आडवा बांधतात आणि त्याचा गुणच घालवतात. बसलेल्यांच्या डोक्यावरून आवाज जाईल एवढ्या उंचीवर तो ठेवून किंचित खाली झुकवावा. डोक्यांच्या उंचीवर ठेवल्यास पहिल्या दोन-तीन रांगाच आवाज गिळतात.

स्त्रियांच्या बाजूला वेगळी जोडी द्यावी आणि तिचा आवाज कमी-जास्त करण्याची सोयही वेगळी ठेवावी. समारंभापूर्वी घरातील एखाद्या बाईंना तिकडे बसवून "ऐकू येते का?" असे विचारावे. आपण कनातीच्या अलीकडून अंदाज बांधणे हीच आमची जुनी चूक होती.

जोडणीतही हिशेब हवा. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात. मशीनवर लिहिलेल्या आकड्याखाली कधी जाऊ नये. १०० व्होल्टच्या लाईनवर सर्व स्पीकरच्या वॉटची बेरीज मशीनच्या वॉटपेक्षा थोडी कमीच ठेवावी.

माईक

माईक शिट्टी मारतो तेव्हा लोक माईकवाल्याकडेच पाहतात. शिट्टी म्हणजे स्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरणे. यासाठी स्पीकर नेहमी माईकच्या पुढे, लोकांच्या बाजूला असावेत आणि माईकची पाठ त्यांच्याकडे यावी. माईक तोंडापासून चार बोटांवर असावा. अंतर दुप्पट झाले की येथेही ६ डेसिबल जातात. माईकची जाळी मुठीत धरू नये, हे नम्रपणे सांगावे.

काझीसाहेबांना स्टँडवरचा माईक द्यावा. नवरदेवासाठी हातातला दुसरा माईक तयार ठेवावा, कारण 'कबूल' हा शब्द बहुधा मान खाली घालून, हळू आवाजात उच्चारला जातो. गरज नसलेला माईक बंद ठेवावा. वकील आणि गवाह नवरीकडे इजाजत घ्यायला जातात तेव्हा घरच्यांनी सांगितल्याशिवाय तेथे माईक नेऊ नये. वाऱ्यासाठी माईकला स्पंजची टोपी घालावी. कॉर्डलेस माईकमध्ये प्रत्येक कार्यक्रमाला नवे सेल घालावेत आणि एक वायरचा माईक जोडून तयार ठेवावा.

वीज आणि हवामान

जनरेटर मजलिसीपासून दूर, वारा वाहून जातो त्या बाजूला ठेवावा. लाईट आणि कूलरच्या वायरवरून मशीनला वीज देऊ नये. घरघर येते म्हणून अर्थिंगची पिन तोडणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. ओल्या मैदानात ही गोष्ट जीवघेणी ठरते. आपल्याकडची अनेक मशीन १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालतात. भरलेली बॅटरी जवळ असली, तर वीज गेली तरी ईजाब-कबूल अडणार नाही.

दुपारी जमीन तापलेली असताना आवाज वर उचलला जातो आणि मागे कमी पोहोचतो. सूर्यास्तानंतर जमीन थंड झाली की तोच आवाज जमिनीलगत दूरवर जातो. म्हणून असरनंतर लावलेला आवाज मगरिबनंतर उतरवावा. अजानच्या वेळी तर माईक बंदच करावा. हे सांगण्याची वेळ कोणावर येऊ नये.

संगीताचा प्रश्न

निकाह जाहीर व्हावा, ही दीनची शिकवण आहे, आणि लग्नप्रसंगी दफ वाजवण्याची परवानगी हदीसच्या ग्रंथांत आढळते. इतर वाद्यांबाबत उलमांत मतभेद आहेत. हा निवाडा आपण मशीनवर बसून करू नये. ठरवतानाच यजमानांना विचारावे: आधी किरात आणि नात हवी का, दफ आहे का, वरातीला काय आहे? जे ठरेल ते कागदावर लिहावे. मुलांपैकी कोणी ऐन वेळी मोबाईल आणून "हे लावा" म्हणाला, तर तो कागद दाखवावा. लग्नात ध्वनिमुद्रिका वाजवल्याबद्दल कोणी परवान्याचे पैसे मागितले, तर १९५७ च्या कॉपीराईट कायद्यातील कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभासाठी सवलत आहे आणि लग्नाची वरात व लग्नाशी निगडित सामाजिक सोहळे त्यात मोडतात, हे माहीत असावे.

कायदा

ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो लावता येत नाही. राहत्या वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, बाजारपेठेत ६५. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर यापेक्षा १० अधिक किंवा ७५, यांपैकी जे कमी असेल ते चालते. खाजगी जागेत ही सूट फक्त ५ डेसिबलची. इस्पितळ, शाळा व न्यायालय यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्राचीही आधीच चौकशी करावी. पर्यावरण संरक्षण कायद्यात पूर्वी कैदेची शिक्षा होती. १ एप्रिल २०२४ पासून तिच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपये दंड आला आहे. एवढा दंड लहान माईकवाल्याचे दुकान बंद करील.

आता वरचे उदाहरण पुन्हा पाहा. मैदानाची हद्द मंचापासून ६४ मीटरवर असेल, तर एका मोठ्या जोडीचा आवाज तेथे ६६ डेसिबल भरतो आणि राहत्या वस्तीची ६५ ची मर्यादा मोडतो. चार लहान जोड्यांचा तेथे सुमारे ६२ भरतो. खाजगी जागेत ६० च्या आत राहण्यासाठी कॉलमची संख्या आणखी वाढवून प्रत्येकाचा आवाज उतरवावा. म्हणजे ज्या व्यवस्थेने आजींना ऐकू येते, त्याच व्यवस्थेने शेजारच्या आजाऱ्याची झोपही वाचते.

दर आणि बोली

आपल्या धंद्यात वॉटचे आकडे फुगवण्याची खोड आहे. डब्यावर छापलेला 'पीएमपीओ'चा आकडा सांगून 'पाच हजार वॉट' म्हणायचे आणि प्रत्यक्षात काहीशे वॉटचे मशीन न्यायचे. मापात कमी देणाऱ्यांविषयी कुरआनात सूरह मुतफ्फिफीन आहे. वॉट हेही मापच आहे. खरी ताकद 'आरएमएस'च्या आकड्यात सांगावी. कागदावर जागा, वेळ, माईकची व कॉलमची संख्या, जनरेटर कोणाचा, परवानगी कोण काढणार, किती वाजता आवाज बंद आणि बयाणा किती, एवढे लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. जास्त कॉलम लावण्याची मजुरी वेगळी दाखवावी आणि ती का, हे यजमानांना समजावून सांगावे.

बंधूंनो, मोठा आवाज कोणीही भाड्याने आणू शकतो. पुढच्या निकाहाला मशीन सुरू केल्यावर एकदा उठून शेवटच्या रांगेत जाऊन बसा. तेथे प्रत्येक शब्द उमटत असेल तर आपली मजुरी हलाल झाली असे समजा. इन्शाअल्लाह, पुढचे गिऱ्हाईक त्याच रांगेतून येईल.