नव्या चित्राचा आरंभ

नवे चित्र काढावयाचे म्हटले की बालकापुढे पहिली अडचण येते ती कोऱ्या कागदाची. कागद एकच, तो बिघडला तर काय, या धास्तीने ते पेन्सिल धरून नुसते बसून राहते. शिक्षकाने फळ्यावर तयार चित्र काढून दिले, तर नक्कल होते. पण पुढील चित्राच्या वेळी धास्ती पुन्हा उभी राहते.

म्हणून आरंभ जमिनीवर करावा. राजुरा परिसरात फाल्गुनात पळस फुलतो. वर्ग त्या झाडाखाली न्यावा. खोड सरळ की वाकडे, फांद्या कोठे फुटतात, असे विचारावे व उत्तर धुळीत काडीने रेखाटण्यास सांगावे. धुळीतील चूक हाताने पुसता येते.

नंतर कागदावर कोळशाने हलक्या हाताने मोठे आकार प्रथम मांडावेत : जमीन, खोड, फांद्यांचा पसारा. चुकलेली रेघ फडक्याने झटकावी. बारकावे शेवटी घ्यावेत. पळसफुले उकळून निघणारा पिवळा-केशरी रंग आणि डिंकाच्या पाण्यात कालवलेला गेरू व कोळसा एवढे साहित्य पुरे. रंग फिक्याकडून गडदाकडे न्यावा. गडद लागलेला रंग पुन्हा फिका होत नाही.

वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी वर्तुळ, त्रिकोण अशा साध्या आकारांतूनच माणसे उभी केली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पहिल्या दिवशी शिक्षकांनी चित्राचा सुबकपणा तपासू नये. प्रत्येक मुलाने पहिली रेघ स्वतः ओढली की नाही, एवढेच पाहावे.