पेशीतील पहारेकरी आणि १९१८ ची साथ

इतिहासाच्या शिक्षकाने पेशीविज्ञानावर लिहावे, हे काही वाचकांस विचित्र वाटेल. परंतु १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ शिकवताना एक प्रश्न आमच्यापुढे वारंवार येतो. रोग एक, शहर एक. मग मृत्यू सर्वांच्या दारी सारखा का आला नाही? त्याचे उत्तर शोधताना आम्हांस पेशीच्या आत डोकावावे लागले.

त्या वर्षीच्या जूनमध्ये साथ मुंबई बंदरातून शहरात शिरली आणि आगगाडीने देशभर गेली. जी.आय.पी. रेल्वेचे दोन्ही घाटांकडे जाणारे मार्ग आपल्या कल्याणलाच फुटतात. सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी लाट सर्वांत घातक ठरली. देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. मुंबईतील मृत्यूंची दरहजारी नोंद समाजवार झाली होती : युरोपियन ८.३, पारशी ९, मुसलमान १९.२ आणि ‘खालच्या जातीचे हिंदू’ या रकान्यात ६१.६.

ज्या विषाणूने हे घडवले, तो त्या वेळी कोणी पाहिलाही नव्हता. माणसातील इन्फ्लुएंझाचा विषाणू १९३३ मध्ये प्रथम वेगळा करण्यात आला. तो पेशीत शिरला की स्वतःच्या आरएनएच्या प्रती काढू लागतो. आपल्या पेशीतही आरएनए असतोच. मग परका कसा ओळखावा? आपल्या संदेशवाहक आरएनएच्या टोकावर पेशी एक रासायनिक टोपी चढवते. या विषाणूच्या आरएनएचे टोक मात्र बोडके असते व त्यावर तीन फॉस्फेट उरलेले असतात. ‘रिग-आय’ नावाचे प्रथिन नेमके हेच टोक हेरते. एरवी ते पेशीद्रवात मिटून पडलेले असते. परके टोक हाती लागताच ते उलगडते आणि तंतुकणिकेच्या बाह्य आवरणावरील ‘मॅव्हस’ या प्रथिनाला जाऊन भिडते. मग एका मॅव्हसला दुसरे, दुसऱ्याला तिसरे असे चिकटत त्यांचे धागे बनतात. त्यातून निघालेला संदेश केंद्रकापर्यंत पोहोचतो आणि इंटरफेरॉनचे जनुक जागे होते. संयुत्त निकायातील किंसुक सुत्तात शरीराला सीमेवरील नगराची व स्मृतीला त्याच्या द्वारपालाची उपमा दिली आहे. येथला पहारेकरी वेशीवर उभा नाही. तो घराच्या आत आहे, एवढाच फरक.

इंटरफेरॉनचा शोध १९५७ मध्ये लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी लावला, तोही इन्फ्लुएंझाच्याच विषाणूवर काम करताना. हे द्रव्य बाधित पेशीतून बाहेर पडून शेजारच्या पेशींना सावध करते. त्या पेशी शेकडो जनुके कामाला लावतात. विषाणू आलाच तर प्रथिननिर्मिती थांबवून त्याची वाढ खुंटवतात. बाधित पेशी बहुधा वाचत नाही, शेजार वाचतो. ताप येणे, अंग मोडून येणे यांत या इंटरफेरॉनचाही वाटा असतो.

विषाणूही स्वस्थ बसत नाही. इन्फ्लुएंझाकडे ‘एनएस-वन’ नावाचे प्रथिन आहे; ते रिग-आयचे तोंड बांधते. पहारेकरी आणि चोर यांच्या या झटापटीत वेळेला फार महत्त्व असते. इशारा उशिरा गेला तर विषाणू फुप्फुसांत खोलवर पसरतो आणि मागाहून जिवाणूंचा न्यूमोनिया होतो. १९१८ मधील पुष्कळ मृत्यू या न्यूमोनियाचेच होते.

आता त्या रकान्याकडे पुन्हा पाहू. रिग-आय युरोपियनाच्या पेशीत होते, तसेच गिरणीत राबणाऱ्या अस्पृश्याच्या पेशीतही होते. पेशीला जात ठाऊक नसते. ६१.६ हा आकडा रक्तातून आलेला नाही. त्या वर्षी पाऊस फसला होता, धान्य महागले होते; चाळीतल्या एकेका खोलीत माणसे दाटीने निजत होती आणि सारे घरच आजारी पडल्यावर पाणी देणारेही कोणी उरत नव्हते. पहारेकरी प्रथिनांचा असतो आणि प्रथिने अन्नातून येतात. उपाशी शरीराची ही सारी फौज दुबळी पडते. जातीने माणसाच्या पेशी बदलल्या नव्हत्या. तिने त्याची खोली, त्याचे ताट आणि त्याच्या उशाशी बसणारा माणूस ठरवला होता.

हे सांगितल्यावर वर्गात पुढचा प्रश्न हमखास येतो : मग ताप आला की लगेच अँटिबायोटिक घ्यावे का? ते जिवाणूंवर चालते, विषाणूवर नाही. डॉक्टरांनी न्यूमोनियासारखे काही पाहून दिले तरच घ्यावे. वसतिगृहात तापाच्या मुलाची पथारी वेगळी घालावी, त्याला पाणी आणि पोटभर जेवण मिळावे, आणि त्याच्याजवळ रात्री कोणीतरी असावे.