विमानतळाचा दर्शनी भाग : कोल्हापूरच्या कमानी, मिरजेची सतार

मिरजेहून विमानप्रवासास निघणाऱ्यांपैकी अनेक जण सुमारे पन्नास किलोमीटरवरील कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाची वाट धरतात. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत, १९३९ साली सुरू झालेल्या या विमानतळावरील नव्या प्रवासी इमारतीचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे झाले. सुमारे ३,९०० चौरस मीटर क्षेत्राच्या या वास्तूत गर्दीच्या वेळी ५०० प्रवाशांची सोय होते. तथापि प्रथमदर्शनी मनात भरतात त्या तिच्या काळ्या दगडी कमानी. विमान हे विसाव्या शतकाचे वाहन. त्याच्या स्थानकाने जुन्या राजवाड्याचे रूप का घ्यावे?

या प्रश्नाचे मूळ आधुनिकोत्तर वास्तुशैलीत आहे. आधुनिक वास्तुकलेने अलंकरण त्याज्य मानले होते. काच, पोलाद आणि काँक्रीट यांची इमारत मुंबईत असो वा न्यूयॉर्कमध्ये, तिचे रूप एकच! अमेरिकन वास्तुतज्ज्ञ रॉबर्ट व्हेंचुरी यांनी १९६६ साली ग्रंथ लिहून या मताला आव्हान दिले. पुढे १९७२ मध्ये सेंट लुईस येथील प्रूइट-आयगो ही प्रचंड वसाहत सुरुंगाने पाडण्यास प्रारंभ झाला, तेव्हा आधुनिक वास्तुकला मृत झाली, असे समीक्षक चार्ल्स जेंक्स यांनी म्हटले. हे विधान अतिशयोक्तच होय. कारण त्या वसाहतीचे वास्तुकार मिनोरू यामासाकी यांनीच बांधलेली त्याच शहरातील विमानतळाची कमानदार इमारत टिकून राहिली.

व्हेंचुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इमारतींचे दोन प्रकार कल्पिले. पहिला 'बदक'. न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवर बदके विकणाऱ्या एका व्यावसायिकाने आपले दुकानच बदकाच्या आकाराचे बांधले होते, त्यावरून हे नाव पडले. दुसरा प्रकार 'शृंगारलेली शेड'. येथे आतील जागा सोयीनुसार साधी ठेवायची आणि ओळख सांगण्याचे काम दर्शनी भागावर सोपवायचे. कोल्हापूरची इमारत या दुसऱ्या प्रकारात मोडते. तिचा भार आधुनिक सांगाडा पेलतो. दगड गावाची ओळख सांगतो.

याच कोल्हापुरात मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार १८७७ ते १८८४ या काळात नवा राजवाडा उभा राहिला. अनेक शैलींचे मिश्रण त्यातही आहे. म्हणजे हा प्रयोग या नगरीस नवीन नाही. भेद एवढाच, की राजवाड्यात दगड हीच भिंत आहे. जाड दगडी भिंत उन्हाची धग सावकाश आत सोडते. पातळ आवरणाला ते साधत नाही आणि गारव्याचा भार यंत्रांवर व पर्यायाने वीजबिलावर पडतो. मुंबईच्या २०१४ साली खुल्या झालेल्या दुसऱ्या टर्मिनलमध्ये मोराच्या पिसाऱ्याची कल्पना केवळ भिंतीवर चितारलेली नाही. वर पसरत जाणारे तीस खांब विशाल छप्पर तोलतात, आणि छतातील झरोक्यांतून उजेड खाली उतरतो. तेथे शोभा आणि काम वेगळे काढता येत नाहीत.

हा विषय मिरज तालुक्यास परका नाही. तालुक्यातील कवलापूर येथे जुनी धावपट्टी असून तेथे विमानतळ व्हावा, अशी मागणी वेळोवेळी झाली आहे. उद्या तेथे इमारत उभी राहिलीच, तर तिला सतारीचा आकार द्यावा, अशी सूचना कोणीतरी निश्चित करील. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले आहे. परंतु भोपळ्याच्या आकाराचे प्रतीक्षालय म्हणजे लाँग आयलंडचे बदकच. सतारमेकर गल्लीतील कारागीर भोपळा निवडतो तो नादासाठी, देखाव्यासाठी नव्हे. वास्तुकाराने आराखड्यापूर्वी या गल्लीत एक दुपार काढावी. सतारीवरील कोरीव पाने तेथे जवळून पाहता येतात. भोपळा आणि लाकूड जेथे एकमेकांना जोडले जातात, नेमकी तेथेच ती बसविलेली असतात.